‘आंटिना’च्या इंजिनखोलीतलं मतदान

इंजिनखोलीत एकोणीस माणसं होती: अकरा मासेमार, पाच भट्टीवाले, एक इंजिनवाला, एक आचारी आणि एक पियानो दुरुस्त करणारा. या शेवटच्याला नौदलाने तारायंत्र शिकवून त्याचे कान कामाला लावले होते. वर सुकाणूघरात एक चाक होतं, एक होकायंत्र, पाच खिडक्या, त्यातल्या एकीला काचेऐवजी पुठ्ठा, भिंतीवर बोलनळीचं पितळी तोंड, आणि लेफ्टनंट गोटहोल्ट ट्राउटवाइन.

युद्ध थांबून बारा दिवस झाले होते. जर्मनीचा सम्राट देश सोडून गेला होता, कुक्सहाफेनच्या धक्क्यावर बांधलेल्या प्रत्येक बोटीवर क्रांतीचं लाल फडकं होतं, आणि समुद्रात पेरलेले सुरुंग होते तिथेच होते. ते काढायचे म्हणजे बोटी पुन्हा जायला हव्या होत्या. सकाळी खलाशांच्या समितीचा एक माणूस सायकलवरून आला आणि धक्क्यावरूनच ओरडून सांगून गेला, की प्रत्येक बोटीने आपला कमांडर ठेवायचा की घरी पाठवायचा ते आज संध्याकाळच्या आत मत घेऊन ठरवावं. मत घेताना अधिकाऱ्याने समोर असू नये.

कोळसा एकाच भट्टीपुरता मिळत होता, म्हणून सभा इंजिनखोलीत भरली. तिथेच तेवढी ऊब होती. सुकाणूघरात तोंडातून वाफ निघत होती. वर पाठवताना आचारी यिब्बोने ट्राउटवाइनच्या हातात भाजलेल्या बार्लीच्या कॉफीचा मग दिला होता आणि म्हणाला होता, “साहेब, वेळ लागेल. फोलकर्टकाका अध्यक्ष झालाय. तो बोलायला उभा राहिला की एक भरती येऊन ओसरते.”

ट्राउटवाइन एकतीस वर्षांचा होता. बोटीवर पाठीमागे त्याला ‘म्हातारा’ म्हणत, कारण कमांडरला म्हातारा म्हणायची पद्धतच होती. वयाशी तिचा संबंध नव्हता. सकाळी त्याने आपली ट्रंक भरून ठेवली होती. तिला कुलूप मात्र लावलं नव्हतं. त्याला जायचं नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आणि अधिकाऱ्याने मतदारांच्या दारात जाऊन मला ठेवा म्हणणं त्याला जमण्यातलं नव्हतं. तीन वर्षं दहा महिने तो या माणसांबरोबर एका लांबट डब्यात राहिला होता. ती त्याचं ऐकत. पण ती त्याला काय समजतात, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. या किनाऱ्यावरची माणसं चांगल्या हवेबद्दलसुद्धा फार तर “चालेल” म्हणतात.

मग बोलनळीतून आवाज आला.

“...आधी झाकण लाव त्या बाटलीला. सभा आहे ही, बारसं नव्हे.”

फोलकर्टचा आवाज. ट्राउटवाइन दचकला. बोलनळी सुकाणूघरातून थेट इंजिनखोलीत जात असे, आणि खालच्या तोंडाला शिट्टी असलेलं बूच कायम बसवलेलं असायचं. ते नसेल तरच खालचं बोलणं असं वर येणार. म्हणजे बूच जागेवर नव्हतं. ते कुठे होतं तेही लगेच कळलं.

“झाकण कुठलं? मूळचं हरवलंय,” यिब्बोचा आवाज. “हे नळीचं बूच लावलंय. अगदी मापाचं बसतं.”

“मग तेच लाव.”

आपल्या बाजूचं लाकडी बूच ट्राउटवाइनने उचललं आणि नळीत बसवलं. त्याने तसं करायलाच हवं होतं. मग कॉफीचा एक घोट घेतला, ती कडू होती; खिडकीतून पलीकडची बोट पाहिली, तिथे एकजण दोरीवर पायमोजे वाळत घालत होता. ते पाहून संपल्यावर त्याने बूच काढलं.

खाली भट्टीवाला आल्विन पीट्रेक बोलत होता. दंडाला लाल पट्टी बांधणारा बोटीवरचा तो पहिला. कोळशाच्या खाणीतून आलेला, तेवीस वर्षांचा, आवाज खणखणीत.

“कॉम्रेड्स, माझं म्हणणं साधं आहे. अधिकारी तो अधिकारी. चांगला, वाईट हा प्रश्नच नाही. उद्या मालक चांगला आहे म्हणून खाण मालकाचीच ठेवाल का? मुळातून उपटायचं तर सगळंच उपटायला हवं. माझं मत विरोधात. वैयक्तिक काही नाही.”

“वैयक्तिक नाही कसं? तुला तो नावाने ओळखतो,” कुणीतरी म्हणालं.

“तो सगळ्यांनाच नावाने ओळखतो.”

“तेच तर. मागच्या बोटीवरचा मला तीन वर्षं ‘ए, तू’ म्हणायचा.”

“मुद्द्यावर या,” फोलकर्ट म्हणाला. फोलकर्ट चोपन्न वर्षांचा होता. ‘आंटिना’ मूळची त्याचीच. युद्धाआधी तो तिचा तांडेल होता, तिच्यावरून हेरिंग आणि कॉड पकडायचा. नौदलाने बोट घेतली तेव्हा तोही बोटीबरोबरच आला, आणि स्वतःच्या बोटीवर दुसऱ्याच्या हुकुमाने चाक फिरवायला लागला. “तक्रारी आधी. ज्याची तक्रार असेल त्याने बोलावं. ओनो, तुझी आहे ना?”

“आहे तर!” ओनोचा आवाज. ट्राउटवाइनने कपाळाला हात लावला. ओनोची तक्रार असणारच होती. “मला तीन दिवस कैद झाली. का, तर ऑगस्टच्या उन्हात ते तरंगायचं बुचाचं जाकीट काढून ठेवलं म्हणून! वारा नाही, लाट नाही, अंगावर ते गोणपाट. सगळ्या ताफ्यात दुसऱ्या एका तरी बोटीवर जाकिटासाठी कैद झालीय का?”

“कैद कुठे भोगलीस ते सांग,” यिब्बो म्हणाला.

“त्याचा इथे काय संबंध?”

“सांग ना.”

 बाकीचे हसायला लागले, कारण सगळ्यांना माहीत होतं. ‘आंटिना’वर कोठडी नव्हती. कुलूप लागेल अशी एकच खोली होती, ती कमांडरची. तेव्हा नियमाप्रमाणे ओनोला ट्राउटवाइनच्या खोलीत तीन दिवस कोंडलं होतं, आणि ट्राउटवाइन तीन रात्री सुकाणूघराच्या जमिनीवर झोपला होता.

“गादी कडक होती,” ओनो म्हणाला. “आणि आखूड. माझे पाय बाहेर.”

“आणि खोकला कुणाला झाला?”

“मी सांगितलं नव्हतं त्याला बाहेर झोपायला! दोनजण मावले असते.”

आता हसणं इतकं वाढलं की नळी नुसती घुमायला लागली. वर ट्राउटवाइनही हसला, आणि आपण हसतोय हे लक्षात येताच त्याने तोंडावर हात ठेवला. दोनजण मावले नसते. त्याने तेव्हा मोजून पाहिलं होतं.

“पुढे,” फोलकर्ट म्हणाला. “ल्युबर्ट, तू.”

ल्युबर्ट इंजिनवाला. बावीस वर्षं इंजिनाशेजारी उभा राहिल्यामुळे त्याला निम्मंच ऐकू यायचं, आणि बाकीच्यांनाही आपल्यासारखंच ऐकू येतं असं समजून तो ओरडूनच बोलायचा. वर ट्राउटवाइनला नळीपासून कान मागे घ्यावा लागला.

“माझं म्हणणं, तो थांबवतो! कुठेही थांबवतो! ताफा निघाला, सगळ्यांनी वाफ धरली, आणि हा म्हणतो, चाळीस मिनिटं थांबा! का? तर पाणी चढायचंय! बाकीचे कमांडर पदकं घेऊन आले. याला काय मिळालं? ठपका! दोनदा!”

हे खरं होतं. दोरीने बांधलेला सुरुंग तळापासून ठराविक उंचीवर तरंगतो. भरतीला तो बोटीच्या पोटाखाली खोल राहतो, ओहोटीला तोच पोटाला लागतो. ट्राउटवाइन आपलं गणित केल्याशिवाय बोट सुरुंगांवर नेत नसे, वरून हुकमाचे कितीही झेंडे फडकले तरी. या गणितानेच त्याला मासेमारांच्या बोटीवर आणून टाकलं होतं. युद्धाच्या सुरुवातीला तो एका भल्यामोठ्या युद्धनौकेवर होता, चकचकीत पितळ आणि रात्रीच्या जेवणाला वाद्यवृंद. तिथे एकदा पाहुण्यांसमोर कप्तानाने उद्याच्या भरतीची वेळ सांगितली, आणि टेबलाच्या टोकाला बसलेला ट्राउटवाइन अगदी अदबीने म्हणाला, की माफ करा, पण आपण गेल्या वर्षीचं कोष्टक पाहताय. पाहुण्यांत एक बाई होत्या, त्या मोठ्याने हसल्या. तीन आठवड्यांत त्याची बदली सुरुंग काढणाऱ्या ताफ्यात झाली. बदलीचा कागद हातात ठेवणारा कारकून म्हणाला होता, “तिकडे वास येतो म्हणे.” येत होता. पहिल्या वर्षी त्याच्या उशीलासुद्धा हेरिंगचा वास होता.

“ठपका मिळाला तेव्हा तुझे पाय जागेवर होते ना?” यिब्बो ओरडून म्हणाला.

“काय?”

“पाय! पाय!”

“पाय आहेत की! म्हणून तर उभा आहे!”

“मग झालं.”

“मी कुठे म्हटलं वाईट आहे!” ल्युबर्ट ओरडला. “फोलकर्ट म्हणाला तक्रार सांगा, म्हणून सांगितली!”

मग विषय गुडघ्यांवर गेला, जाणारच होता. सुरुंग अडकवायला दोन बोटी आपल्यामध्ये तार ओढत जात तेव्हा ट्राउटवाइन सगळ्यांना वर काढायचा. खाली कुणी राहायचं नाही. इंजिनवाला आणि एक भट्टीवाला एवढेच अपवाद, त्यांच्याही पायाखाली काथ्याच्या जाड गाद्या. आणि वर डेकवर प्रत्येकाने गादीवर गुडघे वाकवून उभं राहायचं, कारण बोटीखाली स्फोट झाला की डेक खालून हातोड्यासारखा येतो आणि ताठ पाय मोडतात. शेजारच्या बोटींवरचे लोक दुर्बिणीतून पाहायचे आणि ओरडायचे, “काय रे, आंटिनावाले, पोट साफ झालं का?”

“पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुट्टीत सुरुंग लागला ना पुढच्या टोकाला,” एकजण म्हणाला. “सोळाजण डेकवर. एकाचाही पाय मोडला नाही.”

“मोडला,” यिब्बो म्हणाला. “एकाचा.”

पुन्हा हसणं. ट्राउटवाइनचा हात नकळत डाव्या मांडीवर गेला. त्या सकाळी सगळ्यांचे गुडघे नीट वाकलेत ना, हे तो सुकाणूघराच्या दारातून पाहत होता, टाचा उंचावून, पाय ताठ करून. पाय दोन जागी मोडला. फोलकर्टने त्याला पाठुंगळीला मारून होडीत उतरवला होता आणि वाटेत एकच वाक्य बोलला होता, “साहेब, तुम्हाला सांगायला कुणीतरी हवं होतं.”

पाच महिने इस्पितळात काढून तो लंगडत परत आला, तेव्हा धक्क्यावर त्याला घ्यायला कुणी आलं नव्हतं. बोटीवर चढल्यावर मात्र दिसलं, की सुकाणूघराच्या दारात, बरोबर तो उभा राहायचा त्या जागी, एक नवी गादी खिळ्यांनी ठोकून बसवली होती. त्याबद्दल त्यानेही काही विचारलं नव्हतं. आत्ताही तो तिच्यावरच उभा होता.

खालचं हसणं ओसरलं. ट्राउटवाइनला वाटलं, आता मत घेतील, आणि कदाचित ते बरं जाईल. तेवढ्यात फोलकर्ट खाकरला.

“तक्रारी झाल्या. आता माझं मत सांगतो. मी विरोधात टाकणार.”

वर ट्राउटवाइनच्या हातातला मग कलला आणि थोडी कॉफी होकायंत्राच्या काचेवर सांडली. बाकी कुणीही म्हणालं असतं तर त्याने समजून घेतलं असतं. पण फोलकर्ट!

“काका, तू?” ओनो म्हणाला. “तक्रार तर माझी होती!”

“ऐकून घ्या. बसा सगळे. हे सुरुंग काढायला एक वर्ष लागेल, कदाचित दीड. आपण जाणार, कारण मासे तिथेच आहेत आणि आपल्याला दुसरं काही येत नाही. समुद्र आपला आहे. त्याचा आहे का? तो डोंगरातला. त्याच्या गावापासून पाण्याला जायचं तर दोन दिवस आगगाडीत बसावं लागतं. आई एकटी आहे, खेळणी रंगवते. दर महिन्याला बिस्किटं पाठवते, युद्धातसुद्धा, सलगमच्या पिठाची, देवाने तिला क्षमा करावी, आणि आपण सगळे ती खातो. पाय एक गेलाच. छाती ओनोच्या कैदेने गेली. आता आणखी काय घ्यायचं त्याच्याकडून?” फोलकर्ट थांबला. “माझा एक पोरगा मी याच पाण्यात गमावलाय. नशीब काय पोत्याने मिळत नाही. या माणसाचं संपत आलंय, मला दिसतंय. आपण ठेवलं तर तो राहील, तसा गाढवच आहे तो. तोंडावर ‘जा’ म्हटलं तर जाणार नाही. मतांनी काढलं तर जावंच लागेल, आणि रविवारी आईकडे जेवायला असेल.”

 भट्टीत कोळसा सरकल्याचा आवाज आला.

“असं असेल,” ओनो सावकाश म्हणाला, “तर माझंही विरोधात.”

“माझंही,” दुसरा म्हणाला.

“थांबा, थांबा, थांबा!” हा पीट्रेक. “हे काय चाललंय? कॉम्रेड फोलकर्ट, तुम्ही विरोधात आणि मीही विरोधात?”

“हो.”

“पण तुम्हाला तो आवडतो म्हणून?”

“आवडतो कोण म्हणालं? मी म्हटलं, घरी पाठवा.”

“हे चालणार नाही! मी तत्त्वाने विरोधात आहे. तुम्ही असे मायेने विरोधात आलात तर माझ्या मताचा अर्थ काय राहिला? उद्या समितीत मी काय सांगू, की आम्ही अधिकाऱ्याला लाडाने काढला? मग मला बाजूने मत द्यावं लागेल!”

“दे की. तोंड कुणी धरलंय?”

“पण मला द्यायचं नाहीये!”

वर ट्राउटवाइनने मग खाली ठेवला. चार वर्षं जे त्याला जाणून घ्यायचं होतं ते आता कळलं होतं, आणि तेच त्याला बोटीवरून उतरवायला निघालं होतं. रागावून काढलं असतं तर तो टोपी घालून उतरला असता. यावर काय बोलायचं? आणि बोलायचं कसं? बोलला तर चोरून ऐकत होता हे उघड होणार. नाही बोलला तर अर्ध्या तासात ट्रंकेला कुलूप.

“आणि शिवाय,” खाली फोलकर्ट म्हणत होता, “मासासुद्धा खात नाही तो. मासा न खाणाऱ्या माणसाने आपल्या माशांसाठी का मरायचं?”

“मी मासा खातो,” ट्राउटवाइन म्हणाला.

ते वाक्य तोंडातून सुटलं तेव्हा त्याचं तोंड नळीपासून एक वीतभर होतं. खालचं सगळं बोलणं कापल्यासारखं थांबलं.

“कोण बोललं?” फोलकर्ट.

“मी नाही,” ओनो म्हणाला.

“नळी,” पियानोवाल्याने सांगितलं. “नळीतून आलं. आवाज लेफ्टनंटसाहेबांचा.”

मग फोलकर्ट, अगदी हळू: “यिब्बो. ते बूच.”

“काका, बाटली सांडली असती.”

“सगळं ऐकलं असेल का त्याने?”

“सगळं,” ट्राउटवाइन नळीत म्हणाला. लपवण्यात आता अर्थ नव्हता. “बारसं नव्हे, तिथपासून. मला माफ करा. मी बूच लावलं होतं. मग काढलं.”

“आणि मासा कसला खातो!” यिब्बो उसळला. पकडलं गेल्यावर तो नेहमीच दुसऱ्यावर घसरायचा. “मी वाढतो ना! काटे काढून बशीच्या कडेला लावून ठेवतो, परेडला उभे केल्यासारखे. आणि मधला भाग मांजराला!”

“शेपटीकडचा खातो,” ट्राउटवाइन म्हणाला.

कुणीतरी खुसखुसलं. पण फोलकर्ट हसला नाही. तो नळीजवळ आला असावा, कारण त्याचा आवाज एकदम मोठा झाला.

“साहेब, ऐकलंच आहे तर आता बोला. जायचं का नाही तुम्हाला?”

“नाही.”

“का?”

ट्राउटवाइनने घसा साफ केला. उत्तर त्याच्याकडे तयार होतं, गेले चार दिवस त्याने ते मनात मांडलं होतं. “वाळूच्या पट्ट्याच्या पश्चिमेला जे सुरुंग आहेत त्यांची खोली सगळीकडे सारखी नाही. तिथे ओहोटीचं पाणी वाऱ्याप्रमाणे बदलतं. ते हिशेब मी तीन वर्षं—”

“ते मला पाठ आहेत,” फोलकर्ट म्हणाला. “तुम्हीच पाठ करून घेतलेत. हे कारण नव्हे.”

ते कारण नव्हतंच. ट्राउटवाइन पुठ्ठ्याच्या खिडकीकडे पाहत राहिला. पुठ्ठ्यामागून वारा येत होता.

“इस्पितळात होतो तेव्हा,” तो म्हणाला आणि थांबला. “तिथून मला महिनाभर घरी पाठवलं होतं. आई चांगली आहे. खोली गरम होती. पहाटे जाग यायची आणि मी हिशेब करायचो, आज पाणी किती वाजता चढेल. आमच्या झोनेबेर्गमध्ये कुठलं पाणी? समोर टेकडी. तरी रोज करायचो. मग तिथेच पडून विचार करायचो, की आज बाहेर गेले असतील का, बदलीवरच्या माणसाने थांबवलं असेल का. एकदा रात्री उठून आईचं वाळूचं घड्याळ... नाही, ते जाऊ दे. मला तिथे झोप येत नाही, फोलकर्ट. तुम्ही इथे पाण्यावर असलात आणि मी तिथे असलो, तर मला झोप येत नाही. दीड वर्ष मी जागा राहू शकणार नाही.”



“आईला तुम्ही विचारलंत का?” फोलकर्टने विचारलं.

“ती म्हणाली, तू घरात असलास की सारखा खिडकीत उभा असतोस, उजेड अडतो, मला रंग दिसत नाही.”

या वेळी हसणाऱ्यांत पीट्रेकचा आवाज सगळ्यात वरचा होता. ओनो म्हणाला, “म्हणजे तिकडे गेला तर त्या डोंगरातल्या लोकांना रांगेत उभं करून गुडघे वाकवायला लावणार हा. त्यांनी आपलं काय वाकडं केलंय?”

“गप्प बस,” फोलकर्ट म्हणाला. मग नळीत: “साहेब, तुमचं ऐकून घेतलं. माझं मत बदललं नाही. मला अजून वाटतं तुम्ही घरी जावं. आता मत घेतो. तुम्ही बूच लावा.”

“लावतो.”

“लावणार नाही तो,” यिब्बो म्हणाला.

मत घेण्यासाठी यिब्बोने रश्शाचं पातेलं आणलं. हात वर करायला फोलकर्टचा विरोध होता. शेजाऱ्याचा हात पाहून आपला वर जातो, असं तो म्हणाला. राहावा म्हणणाऱ्याने पातेल्यात वाटाण्याचा सुका दाणा टाकायचा, जावा म्हणणाऱ्याने कोळशाचा खडा. वाटाणे यिब्बोच्या जिवावर आले होते. तो प्रत्येकाला दाणा देताना बजावत होता, “मोजून देतोय. हे रात्री रश्शात जाणार आहेत. कोळसा टाकणाऱ्याने माझा दाणा परत द्यायचा, खिशात घालायचा नाही.” पातेल्यावर फडकं टाकलं, आणि एकेकाने फडक्याखाली हात घालायचा असं ठरलं.

ट्राउटवाइनने बूच हातात धरलं होतं. लावलं नव्हतं.

वाटाणा पातेल्यात पडला की टिच् असा बारीक आवाज यायचा आणि दाणा दोनदा उडायचा. कोळसा ठप्प पडून तिथेच राहायचा. नळीतून दोन्ही आवाज स्वच्छ वेगळे येत होते. ऐकायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि मग बोटांवर मोजायला लागला, डाव्या हातावर कोळसा, उजव्यावर वाटाणा. पहिला कोळसा. तो फोलकर्टचा, अध्यक्ष आधी टाकतो. मग वाटाणा. कोळसा. कोळसा. वाटाणा, आणि त्यामागून ओनोचं शिंकणं. एकजण बराच वेळ पातेल्यापाशी थांबला. यिब्बो म्हणाला, “अरे टाक, आत हरवलास का?” आणि पीट्रेकचा आवाज आला, “मी विचार करतोय!” त्यानंतर जे पडलं ते इतकं हळू पडलं, की ट्राउटवाइनला ते कळलंच नाही. त्याने ते कुठल्याच हातावर धरलं नाही. डाव्या हाताची पाच बोटं झाली, मग पुन्हा अंगठ्यापासून सहावं, सातवं. उजव्या हाताचीही सात. दोन्ही हातांत एका मताचाही फरक पडेना.

तेवढ्यात धक्क्याला लागणाऱ्या एका टगबोटीने भोंगा दिला. लांबलचक, काचा थरथरवणारा. ट्राउटवाइनने नळीला कान लावला, दुसऱ्या कानावर तळहात दाबला, पण भोंग्याशिवाय काही ऐकू येईना. भोंगा थांबला तेव्हा खाली पातेलं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग खडे आणि दाणे वेगळे करण्याची खुडबुड.

“मोज,” फोलकर्ट म्हणाला.

यिब्बोने मोजलं. ल्युबर्टला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा मोजलं. मग पियानोवाल्याने मोजलं. मग पीट्रेकने, समितीच्या वतीने. 

पायऱ्यांवर जड बूट वाजले. फोलकर्ट सुकाणूघराच्या दारात उभा राहिला. टोपी हातात होती, बोटं कोळशाने काळी झालेली. त्याने होकायंत्रावर सांडलेली कॉफी बाहीने पुसली, ट्राउटवाइनच्या हातातल्या बुचाकडे पाहिलं, आणि सरळ उभं राहून निकाल सांगितला.

“एकूण मतं एकोणीस. बाद एकही नाही. जावा म्हणणारी नऊ. राहावा म्हणणारी दहा.”